टेबलावरून धावणारी गाडी

पुण्यात हिंजवडीला अशा काही गाड्या आहेत ज्या दिवसरात्र पळतात आणि जागच्या हलत नाहीत. त्यांना चाकं नाहीत, दारं नाहीत, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' नाही. कपाटाएवढा एक रॅक, त्यात उभ्या कार्डांच्या रांगा, टेबलावर उताणा पडलेला स्पीडोमीटर आणि या दोघांच्या मध्ये वायरींचा असा गुंता, की तो एकट्यादुकट्याचं काम नसावं. स्पीडोमीटरचा काटा १२० वर. खिडकीतून खाली पाहिलं तर खऱ्या गाड्या दिसतात, शिवाजी चौकाकडे तोंड करून उभ्या, आणि त्यांचे काटे शून्यावर. हिंजवडीत ताशी १२० ने जायचं असेल तर लिफ्टने वर जावं लागतं.

माझा भाचा तिथे नोकरीला आहे. मूळचा मलाजखंडचा. म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला. गोंदिया ओलांडलं, बालाघाट आलं, घाट चढून बैहर आलं, की त्याच्याही पुढे. तिथल्या मराठी माणसाला पुण्यात 'तुम्ही एमपीचे का?' आणि भोपाळमध्ये 'आप महाराष्ट्र से हैं?' असं विचारतात, आणि तो दोन्हीकडे हो म्हणून मोकळा होतो. भाच्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, तिथल्या तांब्याच्या खाणीवर डंपर दुरुस्त करत करत निवृत्त झाले. हिंदुस्तान कॉपरचा हा प्रकल्प १९८२ पासूनचा. देशातली सगळ्यात मोठी तांब्याची उघडी खाण. आता तिच्या पोटाखाली भूमिगत काम चालतं. डोंगर होता तिथे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा आहे, आणि त्या पायऱ्यांवरून ज्या डंपरांनी खडक वर आणला, त्यांचं नुसतं चाक माणसाच्या उंचीचं. भाऊजींनी आयुष्यभर अशा चाकांखाली उताणं पडून ब्रेक तपासले. मुलगाही ब्रेकच तपासतो. फक्त खुर्चीत बसून, एसीत, आणि गाडीशिवाय.

हे कळलं तेव्हा भाऊजींनी त्याला शांतपणे विचारलं, "गाडी कुठं हाय मंग?"

"गाडी नाही लागत, बाबा. मॉडेल असतं."

"आन् ब्रेक कोनाचा तपासतो तू?"

"ईसीयूचा."

"त्याले ठाऊक हाय का, गाडी नाही म्हनून?"

"नाही. त्याला कळू द्यायचं नाही, हेच तर काम आहे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. पोराला फसवाफसवीचा पगार मिळतो, तोही भरपूर, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला.

पण काम खरोखर तेच आहे. आजच्या गाडीत इंजिनाला, ब्रेकला, एअरबॅगला, एसीला, दारांच्या काचांना वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्या प्रत्येकाला ईसीयू म्हणतात, आणि भारी गाडीत ते शंभराच्या घरात जातात. ते एकमेकांशी पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. बोलण्याच्या या रीतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये डेट्रॉईटच्या अधिवेशनात मांडली आणि अजून तिला निवृत्ती मिळालेली नाही. तिचा नियम असा: दोघे एकाच वेळी बोलायला लागले, तर ज्याचा क्रमांक लहान त्याचा निरोप पुढे जातो. दुसरा तत्क्षणी गप्प बसतो, पहिल्याचं पूर्ण होऊ देतो आणि मगच पुन्हा तोंड उघडतो. (हा नियम करणाऱ्यांत मराठी माणूस नसणार, एवढं त्यावरून कळतं.)

तर यातला एक ईसीयू टेबलावर आणायचा. तो तेवढा खरा. बाकी सगळा देखावा. रॅकमधला संगणक दर मिलिसेकंदाला हिशेब करत असतो की आत्ता गाडी असती तर चाक किती फिरलं असतं, इंजिन किती तापलं असतं, बॅटरी किती उतरली असती. आणि तेवढ्याच व्होल्टची थाप ईसीयूच्या पिनांवर मारत असतो. ईसीयू बिचारा समजतो, आपण महामार्गावर आहोत. मग खरी मजा. मधेच रिले उघडून चाकाच्या सेन्सरची तार तोडायची. बॅटरी एकदम सहा व्होल्टवर आणायची. डावी दोन चाकं डांबरावर आणि उजवी दोन बर्फावर आहेत असं सांगायचं आणि करकचून ब्रेक दाबायचा. त्यावर ईसीयू काय करतो ते लिहून ठेवायचं. योग्य तेवढा घाबरला, तर पास. उगाच घाबरला, तर फेल. मुळीच घाबरला नाही, तर मॅनेजर घाबरतो.

याच्याही आधीच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीला नुसतं गणिती मॉडेल तपासतात, दुसऱ्या पायरीला लिहिलेला कोड साध्या संगणकावर पळवतात, आणि मग हा रॅक. भाचा त्यांना मिल, सिल, हिल म्हणतो. ताईला बराच काळ ते त्याच्या ऑफिसातले तिघे गोरे वाटत होते. हिल सारखा बंद पडतो म्हणून ती त्याच्या तब्येतीची चौकशीही करायची.

हा खटाटोप कशासाठी, तर हे सगळं खऱ्या गाडीत करायचं म्हटलं तर एका ब्रेकच्या सॉफ्टवेअरला माणसाचा जन्म पुरणार नाही, आणि काही प्रयोगांत तो पुरायच्या आधीच संपेल. टेबलावर १२० च्या वेगात ब्रेक गेला तर फार तर चहा सांडतो.

पुण्यात हा धंदा इतका का फळफळला याची शास्त्रीय कारणं आहेत. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था तिथे १९६६ पासून आहे. तिच्यामुळे कोथरूडच्या टेकडीला 'एआरएआय टेकडी' हे नाव पडलं, आणि रोज पहाटे ती चढणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या अक्षरांशी काही देणंघेणं नसतं. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या कंपनीचं नाव हमखास निघतं, ती केपीआयटी १९९० मध्ये पुण्यात निघाली, तीही कीर्तने-पंडित या चार्टर्ड अकाउंटंटांच्या पेढीच्या अंगणात. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा उद्योग हिशेबतपासनिसांच्या घरून सुरू व्हावा, हे रीतीला धरूनच झालं. पुण्यात मात्र ही कला १९९० च्या पुष्कळ आधीपासून, विनावेतन, ओट्यावर बसून चालत आलेली आहे.

सरतेशेवटी खरी गाडी खऱ्या जमिनीवर आणावीच लागते. त्यासाठी इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. तिथे वेगाच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे. २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्घाटन केलं. ऑनलाइन. आभासी चाचणीनंतर खऱ्या रस्त्यावर उतरायचं म्हणून बांधलेल्या ट्रॅकचं उद्घाटन आभासी, इतकं सुसंगत सरकारी काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्याच राज्यात एवढा मोठा ट्रॅक आहे हे ऐकून भाऊजी खूश झाले. मग म्हणाले, "तिथं गाय येते का?"

"नाही, बाबा. कुंपण आहे."

"मंग त्याले रस्ता कायले म्हनतं?"

भाऊजींच्या या एका प्रश्नात या सगळ्या विद्येचं दुखणं आहे. टेबलावर जे घडतं ते कोणीतरी आधी मनात आणलेलं असतं. ज्याच्या मनात जे आलंच नाही, ते तपासलं जात नाही. आणि मनात काय येणार, हे माणूस कुठल्या रस्त्यावर वाढला यावर ठरतं. व्होल्वो कंपनीचं उदाहरण यात प्रसिद्ध आहे. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नावाचं धिप्पाड सांबर आडवं येतं, म्हणून त्यांनी गाडीला जनावरं ओळखायला शिकवलं. पुढे तीच गाडी ऑस्ट्रेलियात कांगारूंसमोर नेली, तर तिची मती गुंग झाली. जनावराचे पाय जमिनीला टेकलेले असतात या हिशेबावर ती अंतर काढायची. कांगारू हवेत असला की तिला लांब गेल्यासारखा वाटे, खाली आला की एकदम जवळ. २०१७ मध्ये ही बातमी जगभर झाली. मलाजखंडहून कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की फाटक जवळ आहे. रस्त्याकडेचा चितळांचा कळप चारही पाय हवेत नेऊन डांबर ओलांडतो, आणि त्यातलं शेवटचं पाडस हमखास उलट्या बाजूला उडी मारतं. स्वीडनला हे माहीत असायचं कारण नाही. पण हिंजवडीला?

पादचाऱ्याचंही तेच. युरोपात गाड्यांना तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था आपोआप ब्रेक लागतो का हे बघायला रस्त्यावर पुतळा सोडते. प्रौढ माणसाचा पुतळा ताशी ५ किलोमीटरने चालतो, पळायचं असेल तर ८ ने. सरळ रेषेत, एका काठावरून निघतो. मला त्या पुतळ्याचं फार कौतुक वाटतं. तो निघाला की निघाला. बैहरच्या बाजाराच्या दिवशी रस्ता ओलांडणारा मनुष्य मधोमध जाऊन थांबतो, थैलीत हात घालतो, काहीतरी विसरल्याचं आठवून परत फिरतो, मग ते दुसऱ्या खिशात सापडल्यामुळे पुन्हा वळतो; आणि या संपूर्ण काळात एक तळहात गाडीच्या दिशेने धरून ठेवतो. त्या तळहाताच्या भरवशावर आपला देश रस्ता ओलांडतो. तळहात दिसल्यावर ब्रेक लावणारा सेन्सर कोणी काढला तर तो इथेच विकला जाईल.

अगदीच कोणी प्रयत्न केला नाही असं नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या लोकांनी २०१८ मध्ये हैदराबाद-बंगळुरूकडच्या रस्त्यांची दहा हजार छायाचित्रं, त्यातल्या प्रत्येक वस्तूवर नाव टाकून, संगणकांच्या शिकवणीसाठी खुली केली. त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र रकाना आहे, जनावरांना आहे, आणि मला फार आवडलेला एक रकाना असा आहे: रस्ता नव्हे, पण गाडी जाऊ शकते अशी जागा. मी हे मोठ्या उत्साहाने भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "असी जागा म्हन्जेच लेन. मधातली जागा समोरून येनाऱ्याची रायते."

भाऊजींचा या साऱ्याला विरोध आहे असं कोणी समजू नये. गाडीत त्यांचा वाटा आहे असं ते मानतात, आणि ते खोटंही नाही. साध्या मोटारीत वीस-पंचवीस किलो तांबं असतं, विजेच्या गाडीत त्याच्या तिप्पट-चौपट. मलाजखंडच्या शंभर किलो खडकातून जेमतेम एखादा किलो निघतं. "तुमचं सगळं ज्ञान," ते मुलाला सांगतात, "आमच्या तारेतून जाते." एकदा भाच्याने त्यांना चिलीतल्या खाणीचा व्हिडिओ दाखवला. तीही तांब्याचीच, गॅब्रिएला मिस्ट्राल या नोबेल मिळालेल्या कवयित्रीचं नाव तिला दिलेलं. तिथे २००८ पासून कोमात्सूचे डंपर विनाड्रायव्हर चालतात. ओळीने येतात, फावड्याखाली उभे राहतात, भरून निघून जातात, केबिनमध्ये चिटपाखरू नाही. भाऊजींनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं, आता यांनी हात टेकले. ते म्हणाले, "डायवरच नाही तं आवाज येते म्हनून कोन सांगते?"

मग त्यांनी उठून करून दाखवलं. घरच्या पाण्याच्या मोटारीला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले. "बेअरिंग," म्हणाले. डंपरच्या इंजिनावर ते असंच करायचे. पोलादी पात्याची जागा दोन-दोन बोटं सरकवत न्यायची. खरखर असली तर बेअरिंग, टकटक असली तर टॅपेट, आणि काहीच ऐकू आलं नाही तर इंजिन बंद आहे, आधी ते बघ. ड्रायव्हर पाळी संपवून उतरला की वहीत तीनच शब्द लिहायचा: 'आवाज आ रही'. कुठून, कधी, कसला, काही नाही. या तीन शब्दांवरून बिघाड शोधण्यात भाऊजींची उमेदीची वर्षं गेली. भाच्याच्या ऑफिसात बग नोंदवायला रकानेच रकाने भरावे लागतात, आणि ते भरूनही शेवटी डेव्हलपर लिहितो, 'माझ्याकडे तर नीट चालतंय'.

या घरातला खरा तपासनीस मात्र वेगळाच आहे. भाच्याची आजी, म्हणजे भाऊजींची आई. कोणी गाडी घेऊन गोंदियाला निघालं की ती दाराशी येते. "पेट्रोल सरलं तं?" नाही सरत. "टायर फुटला तं?" स्टेपनी आहे. "पानी आलं तं?" वायपर आहे. इथवर कोणतीही आजी येते. पण ही पुढे जाते. "आन् पान्यातच टायर फुटला, आन् रात्र झाली, आन् मोबाईलले टावर नसला तं?" भाचा सांगतो, एकेक बिघाड कोणीही तपासतो; गाड्या घात करतात ते दोन-तीन बिघाड एकमेकांचा हात धरून आले की. अशा जोड्या आणि तिकड्या काढून देणारी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात. त्यांचं लायसन्स दरवर्षी भरावं लागतं. आजी चहावर चालते.

तिचं हे शास्त्र जगाने २०११ मध्ये छापून काढलं. आयएसओ २६२६२ नावाचं ते मानक. गाडीत होऊ शकणाऱ्या प्रत्येक अभद्राला त्यात तीन प्रश्न विचारतात: झालं तर लागेल किती, अशी वेळ येते कितीदा, आणि ड्रायव्हरला आवरता येईल का. उत्तरांवरून ए पासून डी पर्यंत दर्जा ठरतो. डी म्हणजे सगळ्यात कडक तपासणी. आजीच्या लेखी सगळंच डी. गोंदियाला नेलेला डबा उघडला जाणं हेसुद्धा.

आणि एवढी सगळी तपासणी करून सॉफ्टवेअर रस्त्यावर आलं की त्याची गाठ आपल्याशी पडते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्टा न बांधल्यास ओरडणं सक्तीचं झालं. वेगावरही ओरडणं आलं: काटा ८० च्या वर गेला की अधूनमधून, १२० च्या वर गेला की सतत. या ओरडण्याच्या मागे टेबलावर किती टेस्ट केसेस पास झाल्या असतील! बालाघाट-बैहर मार्गावरच्या एका टॅक्सीवाल्याने यावर काढलेला तोडगा मी जवळून पाहिला. पट्टा त्याने खाचेत व्यवस्थित अडकवला होता, आणि त्याच्यावर तो बसला होता. ईसीयूला कोणी गाडीबद्दल फसवतो, कोणी पट्ट्याबद्दल. काही लोकांना बसायचाही त्रास नको, म्हणून नुसती खाचेत खुपसायची क्लिप बाजारात आली. ती इतकी खपली की २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन दुकानांना हुकूम काढावा लागला, आणि त्या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. हिंजवडीतल्या कुठल्याही रॅकवर 'प्रवासी पट्ट्यावर बसला आहे' ही टेस्ट केस असेल असं वाटत नाही. टॅक्सीवाल्याला मी विचारलं, आवाजाचा एवढा त्रास होतो का? तो म्हणाला, "साहब, घर में भी वही, गाड़ी में भी वही।"

गेल्या लग्नसराईत भाचा स्वतःची नवी गाडी घेऊन मलाजखंडला आला. पुढचं बघणारा कॅमेरा, रडार, आपोआप ब्रेक, सगळं असलेली. बैहरच्या अलीकडे रात्री समोर वरात आली. गाडी आपण होऊन थांबली, हे मान्य केलं पाहिजे. मग पडद्यावर तिने जे पाहिलं ते दाखवायला सुरुवात केली. आधी एक माणूस, मग सहा, मग सगळे मिळून एक ट्रक. डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका दिसेनाशा झाल्या. घोडा क्षणभर मोटरसायकल झाला; नवरदेव त्यावर दिसला, मग नाहीसा झाला. एकदा वरात दोन पावलं मागे सरकली, कारण गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं, तेव्हा गाडीला वाटलं रस्ता मोकळा होतोय. ती उत्साहाने फूटभर पुढे गेली आणि पुन्हा खाडकन थांबली. भाच्याचे काका तेवढ्यात उतरून नाचायलाही लागले होते. ते पडद्यावर अजिबात आले नाहीत.

पुण्याला परतल्यावर भाच्याने 'वरात' नावाची टेस्ट केस लिहून वर पाठवली. ज्यांच्यासाठी काम चालतं ती मंडळी जर्मनीत. त्यांचं उत्तर सभ्य होतं. परिस्थिती रोचक आहे, कृपया तीन गोष्टी कळवाव्यात: मिरवणुकीचा कमाल वेग किती, तो अंतरानुसार बदलतो का, आणि समोरून दुसरी मिरवणूक आल्यास प्राधान्य कोणाला.

भाच्याने घरी फोन लावला. स्पीकरवर सगळे होते, मीही होतो. भाऊजींनी प्रश्न नीट ऐकून घेतले, पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि खाणीतला जुना अहवाल देतात तसं एकेक सांगितलं. "वेग गान्यावर हाय. मंडप दूर असला तं चालते, जवळ आला का कमी होत जाते, दाराशी शून्य."

"आणि दुसरी वरात आली तर?"

"ज्याचा ब्यांड मोठा तो आंदी."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. भाचा खरोखर लिहून घेत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला.

"आन् दोघाईचे ब्यांड सारखेच असले तं?"